हाली आणि कलदार

माझे आजोबा तुळजापूरचे. त्या काळी तेथे निजामाचा हाली रुपया चालत असे, तर जवळच्या सोलापुरात इंग्रजांचा कलदार. ६ कलदार म्हणजे ७ हाली, असा भाव होता. आजोबांनी सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडून ६० कलदार उसने घेतले. चिठ्ठीत मात्र नुसते ‘६० रुपये’ लिहिले गेले. ६० हाली देऊन त्यांना सुटता आले असते. आजीने कानांतली फुले विकून ७० पुरे केले. १९४८ साली निजामाचे राज्य गेले. १९५९ मध्ये हालीही चलनातून गेला. आजही एखाद्या आजाऱ्याला ‘पुन्हा येईन’ असे मी सहज बोलून जातो, आणि आजीचे ते मोकळे कान आठवतात.