मुलीच्या ठेवीचं व्याज

‘एफडीचं व्याज यंदा तुझ्या रिटर्नमध्ये दाखव. माझ्या सीएनं सांगितलंय.’ २०२४च्या जुलैत आलेला हा मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही.

संमतीनं घटस्फोट, मुलं माझ्याकडे, शाळेची फी त्यांचे बाबा भरणार, मुलीच्या नावानं ६ लाखांची ठेव, हे सगळं यवतमाळच्या कोर्टात ठरलेलं. ठेवीला पालक म्हणून नाव त्यांचं, पावती त्यांच्या कपाटात. मुलगी अठराची होईपर्यंत एक रुपया कुणी काढायचा नाही. मग कर माझ्या पगारातून कसा?

राळेगावात हे विचारायचं कुणाला? कापसाच्या पैशाला आयकर नाही. रिटर्न भरणारे म्हणजे आम्ही शिक्षक, बँकवाले, व्यापारी, जिनिंगवाले. फेब्रुवारीच्या पगारातून कर कापला गेला की आमच्यापुरता विषय संपतो. शेवटी यवतमाळला एका करसल्लागाराकडे गेले. त्यांनी कलम ६४(१ए) काढलं. अज्ञान मुलाचं उत्पन्न आईबापांपैकी ज्याची कमाई जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं; पण लग्न मोडलेलं असेल, तर जो मुलाला सांभाळतो त्याच्या.

‘म्हणजे तुम्हीच, मॅडम.’

‘पण फी ते भरतात. ते सांभाळणं नाही?’

‘पोरं राहतात कोणाकडं?’

मग फीची सवलत तरी मला द्या! तर तिथं वेगळाच न्याय. ८०सीमध्ये दोन मुलांची ट्यूशन फी बसते, पण ज्यानं भरली त्याला. बसभाडं, गणवेश, खासगी शिकवणी, डबा, तापाची औषधं यातलं काहीच त्या कलमात बसत नाही, आणि माझा खर्च नेमका हाच. कर घेताना कायदा विचारतो, पोर कुणाच्या घरी जेवतं. सवलत देताना विचारतो, पावती कुणाची.

हिशेब असा. व्याज ४२,०००. जुन्या पद्धतीत एका मुलामागे १,५०० रुपयांची सूट, नव्वदच्या दशकापासून तेवढीच. नव्या पद्धतीत तीही नाही. उरलेल्यावर २० टक्के आणि सेस मिळून ८,४२४ रुपये. बँकेनं आधीच कापलेला ४,२००चा टीडीएस मात्र त्यांच्या पॅनवर जमा. बँकेला घोषणापत्र दिलं की तो माझ्या नावावर येऊ शकतो, तशी नियमात सोय आहे. पण घोषणापत्र द्यायचं त्यांनी. ‘पुढच्या वर्षी बघू,’ असं उत्तर आलं.

संमतीच्या अटी लिहिताना वकील दागिन्यांची यादी ग्रॅमवर करतात. बायांनो, ठेवीच्या व्याजावरचा कर कोण भरणार, तेही त्यातच लिहून घ्या.

आई म्हणाली, ‘पोरीच्याच नावानं हाय ना पैसा? मंग तुले काहाचा तरास?’ तेही खरंच. माझ्या शाळेतली एक जण थकलेल्या पोटगीसाठी अजून कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे. तिच्यापुढे मी ही रड काय सांगू? न सांगता भरून टाकले.

यंदा फीचा एक हप्ता मात्र हट्टानं मी भरला, पावती माझ्या नावानं घेतली. माझी ८०सीची दीड लाखाची मर्यादा पीएफ आणि विम्यातच कधीची भरलेली असते, त्या पावतीनं कर एका रुपयानंही कमी होणार नाही. करसल्लागारांनी तसं सांगितलंही. मी म्हटलं, असू द्या, फाईलला लावा.