पत्त्याची ओळ

हाती नवे साधन आले की माणसाला दोन गोष्टींचे भय वाटते. एक, आपल्या हातून ते मोडेल; आणि दुसरे, ते आपल्याला फसवील. संगणकाच्या बाबतीत आमचा अनुभव असा, की पहिले भय बहुतांशी निराधार असते आणि दुसरे असावे तेवढे नसते. धर्मग्रामातील साठी उलटलेली मंडळी माऊसला तापल्या तव्याप्रमाणे भीत भीत हात लावतात; पण पडद्यावर कोणी ‘येथे दाबा’ म्हटले, की तीच मंडळी निःशंक मनाने दाबून मोकळी होतात.

गेली दोन वर्षे रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहातील तीन संगणकांवर आम्ही अशा मंडळींना तासभर शिकवीत असतो. आम्ही काही या विषयाचे तज्ज्ञ नव्हेत. सेमिनरीत असताना टंकलेखन यंत्रावर टिपणे काढीत असू, एवढीच आमची पूर्वतयारी. तथापि शिकविता शिकविता जे ध्यानी आले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

मोडण्याचे भय घालविणे सोपे आहे. कंट्रोल ही कळ दाबून धरून झेड दाबले, की लिहिताना झालेली चूक बहुधा मागे घेता येते. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून टी दाबले, की चुकून मिटलेले पान पुन्हा उघडते. अक्षर बारीक वाटल्यास कंट्रोल धरून अधिकचे चिन्ह दाबावे. चष्मा बदलण्याआधी हा उपाय करून पाहण्यास हरकत नाही. लांबलचक पानात आपल्या गावाचे नाव शोधायचे असेल, तर कंट्रोल आणि एफ. एवढ्या चार खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्या, की हात सैल होतो. खरी अडचण वेगळीच असते. घरी नातवंडे “द्या इकडे, मी करतो” म्हणून माऊस हिसकावून घेतात आणि क्षणार्धात काम उरकतात. काम होते, पण आजी-आजोबांना त्यातले काहीच उमगत नाही. तरुण वाचकांना आमची विनंती आहे, की त्यांनी तेवढा वेळ हात पाठीमागे बांधून बसावे.

आता ब्राउझरविषयी. पुष्कळांच्या मते इंटरनेट म्हणजेच गूगल. वस्तुतः टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर सिद्ध केला तो १९९० साली; त्या वेळी गूगलचा जन्मही व्हावयाचा होता. आपल्या देशात सर्वसामान्यांना ही सेवा मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही ब्राउझरांची नावे. ब्राउझर हे वाहन समजावे, आणि गूगलचा शोध म्हणजे नाक्यावर उभा राहून रस्ता सांगणारा इसम. इसम हुशार आहे. परंतु काही दुकानदार त्याला पैसे देतात, आणि त्यांची नावे तो आधी घेतो. अशा नावांवर ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असतो. तो वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

ज्याला जायचे ठिकाण ठाऊक आहे, त्याने नाक्यावर विचारूच नये. ब्राउझरच्या माथ्यावर जी ओळ असते, तीत थेट पत्ता लिहावा. ही ओळ वाचता येणे हाच आमच्या मते पहिला धडा होय. बाकीचे सारे मागाहून शिकले तरी चालते.

आमच्या वर्गातील एक निवृत्त शिक्षक आपल्या वाडीचा सातबारा काढू पाहत होते. त्यांनी ‘सातबारा’ असा शब्द शोधताच पडद्यावर पंधरा-वीस नावे उभी राहिली. “फादर, यांतला सरकारी कोणता?” त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना विचारले, “सर, पाकिटावर पत्ता लिहिताना तुम्ही आधी काय लिहिता?” ते म्हणाले, “घर, मग आळी, गाव, तालुका, जिल्हा.” संगणकाचा पत्ताही तसाच असतो. आरंभीची तिरपी दुरेघ सोडून द्यावी आणि तिच्यानंतर येणारी पहिली तिरपी रेघ शोधावी. त्या रेघेपाशी बोट ठेवून डावीकडे, म्हणजे उलटे वाचावे. सातबाऱ्याचा सरकारी पत्ता आहे ‘डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’. शेवटचे ‘जीओव्ही डॉट इन’ हा झाला जिल्हा. तो भारतातील सरकारी कार्यालयांखेरीज कोणास मिळत नाही. ठकाला आपल्या घराला ‘महाभूमी’ नाव देण्यापासून कोणी अडवीत नाही. तो ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असाही पत्ता मांडील. डावीकडून वाचणारा त्याला भुलतो. उजवीकडून वाचणाऱ्यास आधी ‘अमुकतमुक डॉट कॉम’ भेटते आणि तो सावध होतो. पहिल्या तिरप्या रेघेच्या पलीकडे काहीही लिहिलेले असो; त्या घरातल्या खोल्या आहेत, आणि खोलीच्या दारावर मालक वाटेल ती पाटी लावतो.

बँकांच्या बाबतीतही आता असा जिल्हा ठरला आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर स्थलांतर करण्यास फर्मावले. हा शेवट बँकांसाठीच राखलेला आहे.

येथे कोणी कुलपाच्या चित्राची गोष्ट काढतो. कुलूप दिसले म्हणजे जागा विश्वासाची, असे पूर्वी सर्वत्र सांगितले जाई. त्याचा खरा अर्थ एवढाच, की तुमचे लिखाण वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरही आपल्या दाराला कुलूप लावतोच. याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ साली ते चित्र काढून टाकले.

हे सारे आम्ही इतक्या पोटतिडकीने का लिहितो, तेही सांगितले पाहिजे. आमच्या एका भगिनीचा मुलगा आखातात नोकरीस आहे. कार्ड अडकले म्हणून तिने बँकेचा मदत क्रमांक गूगलवर शोधला आणि जो सर्वांत वर दिसला तो फिरवला. पलीकडचा माणूस गोड बोलला, मराठीत बोलला. त्याने तिच्याकडून फोनमध्ये एक ॲप घेवविले; त्या ॲपमुळे तिचा पडदा त्याला दिसू लागला. पाऊण तासात मोगरा विकून दोन वर्षांत साठवलेले पैसे गेले. ती आमच्याकडे आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. रात्र आणि दिवस तिने मुलाला कसे सांगावे या विवंचनेत घालविला होता. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली, बँकेतही गेलो. थोडी रक्कम वाटेत अडवता आली, उरलेली हाती लागली नाही. पहिल्याच तासात फोन केला असता तर अधिक वाचण्याचा संभव होता, आणि तो तास लाजेत गेला. मुलाने फोनवर विचारले, “आई, तुला एवढे कळले नाही?” तिला कळावे कसे? पत्त्याची ओळ तिला कोणी दाखवलीच नव्हती. बँकेचा क्रमांक कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, हेही तिला कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट. कधी पडदाभर लाल अक्षरे येतात, कर्कश आवाज होतो आणि ‘तुमच्या संगणकास विषाणूची बाधा झाली आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी आज्ञा होते. फोन करू नये. एस्केप कळ दाबून धरावी. तेवढ्याने न भागल्यास ऑल्ट धरून एफ ४ दाबावे. बहुधा एवढ्याने ते निघून जाते. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवण्यास आमचा विरोध नाही. घरात चोर येण्यापेक्षा एकच पासवर्ड सगळीकडे वापरल्याने होणारी हानी अधिक संभवते. कुकीज, कॅश वगैरे शब्दांनी नवख्याने तूर्त डोके शिणवू नये.

एकदा पत्ता खरा ठरला, की ओळीच्या उजव्या टोकाशी असलेल्या चांदणीवर दाबावे. तो पत्ता ब्राउझर जपून ठेवतो आणि पुन्हा नाक्यावर विचारण्याची गरज उरत नाही. ती भगिनी आता दर रविवारी वर्गाला येते. कोणतेही पान उघडले, की बोट ठेवून उजवीकडून मोठ्याने वाचते. शेजारचेही आता तसेच वाचू लागले आहेत. गेल्या महिन्यात तिने आपल्या बँकेचा पत्ता वहीत स्वतः उतरवून आणून दाखविला. पत्ता बरोबर होता. एका डॉटच्या जागी स्वल्पविराम पडला होता, तेवढा आम्ही दुरुस्त केला.