फेरफार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात कोरपन्याला चार खेपा झाल्या आणि एक खारघरला. का, ते नातेवाईकांपैकी काहींना माहीत आहे, काहींना अर्धवट माहीत आहे. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. नावं घालत नाही.

आमच्या ताईच्या, म्हणजे मोठे बाबांच्या मुलीच्या, दंडात गाठ आली. वय 36. पहिल्या डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून काढून टाकली, तपासायला पाठवलीच नाही. सहा महिन्यांत परत आली तेव्हा कळलं, सार्कोमा. स्नायू, चरबी, नसा अशा मऊ भागांचा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये हा शंभरात एखादाच. आणि मोठे बाबा मांडीतल्या अशाच गाठीनं गेले होते. आत्या 31व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली.

गावात कारणं तयारच होती. कोणी सिमेंटच्या धुळीवर बोट ठेवायचं, कोणी "त्या घराले लागलं हाय" म्हणायचं. धूळ आहेच हो, गडचांदूरच्या रस्त्यानं पांढरा शर्ट घालून जाऊन बघा. पण आत्या तर लग्नानंतर कारखाना नसलेल्या गावात राहिली होती.

खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक आहे, तिथे कॅन्सरच्या आनुवंशिकतेची तपासणी होते. समुपदेशक मुलीनं वंशावळ विचारली. मी ऐटीत फाईल काढली. वाटणीच्या वेळी केलेली आमची वंशावळ, पाच पिढ्यांची! तिनं पाहिली आणि म्हणाली, "यात बायका कुठे आहेत?"

नव्हत्याच. जमिनीसाठी काढलेली वंशावळ ती. आत्यानं हक्कसोड केली तिथेच तिची ओळ संपली होती. मग तिनं कोऱ्या कागदावर नव्यानं मांडली. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, कॅन्सर झालेला असेल तर आतून काळा, गेलेला असेल तर वरून तिरपी रेघ. आजीला बहिणी किती, त्या कशानं गेल्या? आम्ही तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. सात-बारा तोंडपाठ, आजीच्या बहिणी माहीत नाहीत.

असाच कागद 1969 साली अमेरिकेत फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी मांडला होता. चार कुटुंबं, लहान मुलांना सार्कोमा, आणि त्यांच्या नात्यात तरुण वयात स्तनाचे कॅन्सर. जीन तपासायची सोय तेव्हा नव्हती. यामागचा जीन टीपी53 आहे, हे 1990 मध्ये कळलं. पेशीच्या डीएनएत बिघाड झाला की तिची वाढ थांबवायची, नाहीच सुधारली तर तिला मरायला लावायचं, हे त्याचं काम. माणसाकडे याच्या दोन प्रती असतात, हत्तीकडे वीस जोड्या! आपल्या दोनपैकी एक जन्मतःच नादुरुस्त असली की धोका खूप वाढतो, आणि ती प्रत प्रत्येक मुलाकडे, मुलीकडे जायची शक्यता निम्मी-निम्मी. सगळेच सार्कोमा असे नसतात. 2023 च्या एका मोठ्या अभ्यासात साधारण 14 रुग्णांमागे एकाच्या आजाराचं मूळ आनुवंशिक निघालं.

ताई त्या एकात निघाली. 'म्युटेशन' म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, फेरफार. तलाठ्याकडे होतो तोच शब्द. बाबांना लगेच कळलं. म्हणाले, "मंग हा कोणाच्या नावानं झाला?"

कळून उपयोग काय, हे सगळ्यांनीच विचारलं. पहिला उपयोग ताईलाच झाला. या माणसांत रेडिएशननं नवा कॅन्सर उद्भवू शकतो, त्यामुळे शक्य तिथे टाळतात. तिचे उपचार त्याप्रमाणे बदलले. दुसरं, वर्षाला पूर्ण शरीराचा एमआरआय, अधूनमधून सोनोग्राफी. टोरांटोच्या डॉक्टरांनी 2016 मध्ये आकडे दिले: अशा तपासण्या करणाऱ्यांत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण 89 टक्के, न करणाऱ्यांत 60.

माझी तपासणी बाबांवर अवलंबून होती. त्यांच्यात नसेल तर त्यांच्याकडून माझ्यात येणारच नाही. बाबा 71 वर्षांचे, ठणठणीत. चार महिने त्यांनी रक्त दिलं नाही. मला आधी राग आला, मग एका रात्री ते अंगणात म्हणाले, "मले काही भेव नाही. पण माह्याकडून तुले गेलं असन तं?" मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चंद्रपूरला जाऊन रक्त दिलं.

नाही निघालं. मला हलकं वाटलं, आणि ताईला फोन करायला दोन दिवस लागले. तिनंच उचलल्याबरोबर विचारलं, "काका सुटले ना?"

तिचा भाऊ अजून तपासायला तयार नाही. मुलीचं लग्न ठरवायचंय, हे कारण. मी त्याला दोष देत नाही. स्थळं कशी मोडतात ते मीही पाहिलंय. पण ती मुलगी 22 वर्षांची आहे, आणि स्तनाच्या तपासण्या याच वयात सुरू करायच्या असतात. त्याच्याशी परत बोलणार आहे.

आजीच्या माहेरची माणसं आदिलाबादकडे आहेत, एवढंच कळलंय. वाचणाऱ्यांपैकी कोणाला तिच्या बहिणींची नावं, गावं ठाऊक असतील तर मला फोन करा. कागदावर तीन गोल काढून ठेवलेत, अजून रिकामेच आहेत.