भिंतीतलं फूल

केंटमधल्या सिसिंगहर्स्ट कासलला लोक पांढऱ्या फुलांची बाग बघायला जातात. मीही ती बघतेच, पण पाय आधी विटांच्या जुन्या भिंतींकडे वळतात. तिथल्या चुन्याच्या सांध्यांतून आयव्ही-लीव्ड टोडफ्लॅक्स लोंबत असतं. नखाएवढं फिकट जांभळं फूल, खालच्या ओठावर पिवळसर फुगवटे.

लंडनला नवी आले तेव्हा स्टेशनकडे जाणाऱ्या बोळात ते रोज दिसायचं. ओळखीचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. पुढे मुलीबरोबर भिंगातून ते न्याहाळताना त्याची करामत कळली. फूल उमलताना देठ उजेडाकडे झुकतो. फळ धरलं की तोच देठ उलटा वळतो, लांबतो आणि बोंड अंधाऱ्या फटीत नेऊन ठेवतो. बी भिंतीतच रुजतं. दक्षिण युरोपातली ही वेल सतराव्या शतकात इंग्लंडच्या बागांत आली आणि तिथून निसटून भिंतीभिंतींवर पसरली.

सिसिंगहर्स्टच्या भिंतींनी बरंच सोसलंय. सप्तवार्षिक युद्धात इथे फ्रेंच कैदी ठेवले होते. वाड्याची पार दैना झाली. 1930 मध्ये लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सन यांनी ते अवशेष विकत घेतले. त्यानं बागेची आखणी केली, तिनं ती फुलवली. आपसूक उगवलेल्या रोपांनाही तिनं थारा दिला. मला ती एवढ्यासाठीच आवडते.

वाईहून आई आली होती, तिलाही तिथे नेलं. भिंतीजवळ वाकून म्हणाली, "पिंपळ असता तर एव्हाना भिंत फोडली असती गं. हिचं मूळ किती समंजस!"

आमच्या बोळातल्या भिंतीच्या दरजा नंतर कुणीतरी सिमेंटनं भरल्या. वेल गेली, आणि विटांचे पापुद्रेही सुटू लागले. मऊ, जुन्या विटेतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडून ठेवतं. हे पाहून मला अजून राग येतो.

यंदा मुलीनं मेडस्टोनजवळ जुनं घर घेतलं. भिंतींचे सांधे भरायला गवंड्यानं चुना आणि सिमेंट, दोन्हींचे दर सांगितले. चुन्याचं काम महाग, सावकाश, आणि कडाक्याची थंडी पडण्याआधी उरकावं लागणारं. तिनं चुनाच निवडला. वर त्याला बजावलं, "जिथे सांधे धड आहेत, तिथे हात लावायचा नाही."