छतावरचं कमळ

लेक शिकायला पुण्याला गेली आणि मच्छेतलं आमचं घर एकदम शांत झालं. दोघांत बोलायला विषय म्हणजे गॅस, दूध आणि लेकीचा फोन. रविवारी मी पेपर तपासत बसायचो, सौ. टीव्हीपुढे.

एका रविवारी तीच म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली. तुमच्या बेळगावचा किल्ला तेवढा मला दाखवला नाहीत!"

खरंच होतं. गोवा झाला, अंबाबाई झाली, गोकाकचा धबधबा झाला. किल्ल्याजवळून मात्र गाडी नेहमी तशीच पुढे गेली.

लगेच स्कूटर काढली. पिरनवाडी, उद्यमबाग मागे टाकून टिळकवाडीत आलो आणि काँग्रेस विहिरीपाशी थांबलो. रोज कॉलेजला जाताना दिसते, पण उतरलो कधीच नव्हतो. डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी ही विहीर खोदली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि तेही आपल्या बेळगावात. मी प्राध्यापकी थाटात हे सांगत होतो, तोच सौ. म्हणाली, "आणि लहानग्या गंगूबाई हनगल इथं गायल्या होत्या, ते?" मला ते ठाऊक नव्हतं. तिचं माहेर धारवाडचं.

खंदक ओलांडून किल्ल्यात शिरलो. रामकृष्ण आश्रमात थोडं टेकलो. १८९२ साली स्वामी विवेकानंद बेळगावात आले, तेव्हा आधी भाटे वकिलांच्या मराठी घरी राहिले आणि मग इथं, हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांच्या बंगाली घरी. तिथून कमल बस्तीत गेलो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पाऊल टाकताच गारवा. चकचकीत काळे खांब पाहत मी पुढे चाललो होतो.

"रीऽ, इकडं या की! वर बघा!"

वर पाहिलं. छताच्या मधोमध दगडी कमळ उलटं लोंबत होतं. इतकं नाजूक, की आता एखादी पाकळी खाली पडेल असं वाटावं. मान दुखेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

बाहेर आल्यावर तिनं कन्नड फलक मोठ्यानं वाचायला घेतला. बाजारातलं कन्नड मी फाडफाड बोलतो, वाचताना मात्र अडखळतो. पण त्या दिवशी मी फलकापेक्षा तिच्या आवाजाकडेच लक्ष देत होतो. शाळेत कन्नड कवितापठणात तिचा पहिला नंबर यायचा, हे सासूबाई सांगायच्या. मच्छेला आली आणि आमची भाषा तिनं इतकी उचलली, की तिची स्वतःची भाषा आमच्या घरात कधी मुकी झाली ते मला कळलंच नाही. तिनंही तक्रार केली नाही.

या किल्ल्यातले १२०४ सालचे दोन कन्नड शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी ते सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "ते लांब गेले म्हणून तुम्हाला हळहळ. घरातलं कन्नड कुठं गेलं ते कधी विचारलंत?"

काय उत्तर देणार? परत येताना स्कूटरवर मी गप्प होतो, आणि ती मात्र धारवाडच्या शाळेतल्या गोष्टी सांगत होती. निम्म्या कन्नडमध्ये, निम्म्या मराठीत.

आता रविवारी सकाळी अर्धा तास आमची शिकवणी असते. पंचेचाळिसाव्या वर्षी मी जोडाक्षरं गिरवतो आणि चुकलो की मास्तरीणबाई बोलणी देतात. मग डबा भरून बाहेर पडायचं. पुढच्या रविवारी खानापूर तालुक्यातलं हलशी, म्हणजे कदंबांची पलाशिका. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ दोघांनीही पाहिलेलं नाही. तिथला फलक मी वाचायचा, असं ठरलंय.

लेकीचा परवा फोन आला. म्हणाली, "तुम्ही दोघं हल्ली घरी सापडतच नाही!"