सरासरी तीन मिलिसेकंद

मी बरीच वर्षं सरासरीच्या पक्षाचा होतो. एका रुग्णालयाचं स्टोरेज सांभाळतो. डॅशबोर्डवर ‘रिस्पॉन्स टाइम ३ मिलिसेकंद’ असं हिरव्या अक्षरांत दिसलं की माझ्यापुरता विषय संपायचा. नोंदणीच्या खिडकीवरून ताईंचा फोन यायचा, “सर, फाइल खुलूनच नाही राहिली जी.” मी तो आकडा वाचून दाखवायचो आणि नेटवर्कवाल्यांचा नंबर द्यायचो. यात आळस नव्हता. मला मनापासून वाटायचं की यंत्र मोजतं आणि माणूस कुरकुरतो. दोघांत वाद झाला तर यंत्राचं ऐकावं. आज मी ताईंच्या पक्षात आहे. हे पक्षांतर दया येऊन झालेलं नाही, हिशेब मांडून झालं.

समजा, स्टोरेजकडे सेकंदाला दोन हजार मागण्या येतात आणि डॅशबोर्ड दर पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. म्हणजे एका ठिपक्यात सहा लाख मागण्या. त्यातल्या ५,९७,००० एका मिलिसेकंदात उरकल्या आणि उरलेल्या तीन हजारांना प्रत्येकी ४०० मिलिसेकंद लागले. सरासरी काढा: तीनच्या किंचित आत. हिरवा दिवा. आता खिडकीवर या. रुग्णाची एक फाइल उघडायला डेटाबेस एकामागोमाग शंभर वाचनं करतो असं धरा. दोनशेत एक वाचन रखडणारं असेल, तर शंभरांत एकही न रखडण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे दहातल्या चार फायली कुठे ना कुठे अडकणार. रखडणारी वाचनं एकाच वेळी घोळक्याने आली, तर अडकणाऱ्या फायली कमी, पण ज्या अडकतील त्या चांगल्याच अडकतील. डॅशबोर्ड खोटं बोलत नव्हता आणि ताईही नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा दुपारी ४५ला आणि पहाटे ३०ला असला, तर सरासरी साडेसदतीस येते. तिच्यावर विसंबून भर दुपारी दोनला सीताबर्डीत पायी फिरायला कोण निघतं?

तरीही माझी सरासरीवरची श्रद्धा या गणिताने पुरती ढळली नाही. ती ढळली घड्याळ कुठे सुरू होतं ते पाहिल्यावर. स्टोरेजचं घड्याळ मागणी त्याच्या दारात पोचल्यावर सुरू होतं. त्याआधी ती सर्व्हरच्या रांगेत कितीही वेळ उभी असो, स्टोरेजला त्याचा पत्ता नसतो. एका सोमवारी सकाळी दहाला, नोंदणीची झुंबड उडालेली असताना, मी लिनक्सवर बायोलेटन्सी हे साधन लावलं. ते सरासरी देत नाही, एकेका मागणीला लागलेल्या वेळेचे कप्पे पाडून मोजदाद करतं: ० ते १ मिलिसेकंद, मग २ ते ३, मग ४ ते ७, असे दुपटीने वाढणारे. पहिल्या फेरीत चित्र स्वच्छ. अगदी डॅशबोर्डसारखं. मग क्यूचा पर्याय जोडला, म्हणजे सर्व्हरच्या रांगेतला वेळही धरला. वरचा मोठा डोंगर तसाच राहिला, पण खाली, २५६ ते ५११च्या कप्प्यात, चांदण्यांची एक बुटकी रांग उमटली. मी खिडकीवर फोन लावला. “आता पाहा न सर, गोल गोल फिरूनच राहिलं आहे!”

कारण अगदीच सामान्य निघालं. अकराच्या बैठकीसाठी लागणारा एक अहवाल दहाला सुरू व्हायचा, मोठमोठे तुकडे वाचायला घ्यायचा आणि नोंदणीच्या छोट्या मागण्या त्याच्या मागे उभ्या राहायच्या. रांगेची मर्यादा ३२. अहवाल पहाटे पाचला ढकलला, त्याला वेगळा व्हॉल्यूम दिला. विषय संपला. डॅशबोर्डवरचा तीनचा आकडा मात्र जवळपास जागचा हलला नाही, आणि मला खरा धक्का त्याचाच बसला. दुखणं होतं तेव्हाही तीन, बरं झालं तेव्हाही तीन.

तेव्हापासून मी आकडे वेगळ्या नजरेने वाचतो. आयओस्टॅट या आज्ञेचा पहिला अहवाल हा मशीन सुरू झाल्यापासूनचा गोळाबेरीज हिशेब असतो, तो सोडून द्यायचा. त्यातलं ‘युटिल’ १०० टक्के दिसलं की पूर्वी मी घाबरायचो. पण एकाच वेळी अनेक मागण्या पेलणाऱ्या रेडला किंवा एसएसडीला तो आकडा ‘काम चालू होतं’ एवढंच सांगतो, ‘क्षमता संपली’ असं नाही. खुद्द त्या आज्ञेच्या माहितीपानात तसं लिहिलेलं आहे, पण ते पान वाचतो कोण! जॉन लिटल यांचा १९६१चा नियमही आता हाताशी असतो: सेकंदाला येणाऱ्या मागण्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, म्हणजे एका क्षणी आत असलेल्या मागण्या. आठ हजार गुणिले चार मिलिसेकंद, म्हणजे ३२. तिन्ही आकड्यांचा मेळ बसला नाही, तर कोणी तरी वेगळ्या दारात उभं राहून मोजतंय.

२००८ साली संगणकांच्या कामगिरीचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी डेटा सेंटरमध्ये डिस्कच्या पेटीवर जोरात ओरडून दाखवलं होतं. कंपनाने डिस्क अडखळल्या आणि वेळेच्या नकाशावर वरच्या अंगाला ठिपके उमटले. पूर्वी मी तो व्हिडिओ गंमत म्हणून दाखवायचो. आता नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवतो: रखडलेल्या मागण्या अशा दिसतात.

सरासरी टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या नागपुरातच चौकाचौकांत साडेतीन हजारांवर सीसीटीव्ही कॅमेरे बसवलेले आहेत. प्रत्येकाकडून सेकंदाला चार मेगाबिट येतात असं धरलं, तर दिवसाला दीडशे टेराबाइट लिखाण होतं. असा प्रवाह अखंड आणि एकसारखा असतो. एखादं चित्र ४०० मिलिसेकंद उशिरा लिहिलं गेलं तरी मधला बफर सांभाळून घेतो. तिथे मला सरासरी वेगच हवा, शेपटीचं, म्हणजे रखडलेल्या थोड्या मागण्यांचं, कौतुक नको. खिडकीवर, जिथे समोर माणूस ताटकळत उभा आहे, तिथे शेपटीच हवी.

आमच्या साहेबांना हे अजून पटलेलं नाही. “एक आकडा द्या ना, हे डोंगर काय दाखवता?” एक आकडा द्यायचाच तर मी सकाळी दहा ते अकराचा ९९वा पर्सेंटाइल देतो, सर्व्हरच्या बाजूने मोजलेला. पर्सेंटाइल म्हटलं की सीईटीच्या निकालामुळे निदान ओळखीचं तरी वाटतं. पण महिन्याचा आकडा काढायला रोजच्या पर्सेंटाइलची सरासरी काढू म्हणाले, तेव्हा ठाम नाही म्हणालो. तसं चालत नाही, मूळ कप्पे जपून ठेवावे लागतात. स्टोरेज स्वतः बारीक नोंदी थोडेच दिवस ठेवतं, मग त्यांची जाड सरासरी करून टाकतं. म्हणून आता दर दहा सेकंदांची नोंद मी वेगळ्या सर्व्हरवर ओढून घेतो, एका व्हॉल्यूममागे दिवसाला ८,६४० ओळी. त्यासाठी जागा मागितली, तर अर्जावर शेरा आला: “कारण स्पष्ट करावे.” मी दोन आलेख जोडून परत पाठवलाय. एक तीनचा, एक डोंगराचा.