औषधाआधीची तपासणी

जास्त तपासण्या लिहून देणारा डॉक्टर दिसला की माझ्या मनात एकच शब्द यायचा: कमिशन. चांगला डॉक्टर हात लावून ओळखतो आणि लगेच औषध देतो, ही माझी पक्की समजूत. तिच्यात खर्चाची धास्ती होती, तसा आडमुठेपणाही होता.

आत्याला जुना मधुमेह. पायाच्या अंगठ्याखालची जखम भरेना. पण दुखत नव्हतं, ताप नव्हता, एक्स-रे स्वच्छ. तरी सर्जन बाईंनी ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि एमआरआय सांगितलं तेव्हा मी विचारलंच, "हे सगळं लागतंच का हो?"

त्या रागावल्या नाहीत. बोथट टोकाची निर्जंतुक सळई त्यांनी जखमेतून हळूच आत सरकवली. ती कशावर तरी अडली. कठीण, खरखरीत. "हे हाड. जंतुसंसर्ग इथवर पोचला असावा," त्या म्हणाल्या. आत्या छताकडे बघत पडून होती. तिला काही जाणवलंच नव्हतं. मी हादरलो तो तिच्या त्या शांत चेहऱ्यानं. ज्या न दुखण्यावर मी निर्धास्त होतो, ते तर नसा बधिर झाल्याचं लक्षण होतं! आणि स्वच्छ एक्स-रे? हाडातली खनिजं ३० ते ५० टक्के घटल्याशिवाय हाडातला संसर्ग त्यावर फारसा उमटत नाही, त्यात दोनेक आठवडे सहज जातात. एमआरआयवर तो आधी दिसतो.

पुढचं पचवणं आणखी जड गेलं. चालू अँटिबायोटिक काही दिवस थांबवायचं आणि हाडाचा बारीक तुकडा काढून (म्हणजे बायोप्सी करून) कल्चरला, जंतू वाढवून ओळखायला, पाठवायचा. बायोप्सीनं रोग पसरतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय जखमेचा स्वॅब झाला होता की! पण स्वॅबमध्ये वरवरचे जंतूही वाढतात, आतला सापडेलच असं नाही. आणि औषध चालू असताना तो कल्चरमध्ये उगवेलच याचीही खात्री नसते. आत्याची तब्येत स्थिर होती, म्हणूनच थांबता येत होतं. मी मनाविरुद्ध होकार दिला.

हाडात वेगळाच जंतू निघाला. सहा आठवड्यांचं औषध त्याच्यावर बेतलं गेलं. माझ्या मनातल्या 'चांगल्या' डॉक्टरनं अंदाजानं भलतंच औषध दिलं असतं, आणि मी त्याला हात जोडले असते.

संशय पुरता गेलाय, असं म्हणणार नाही. तपासणीच्या चिठ्ठीवर आजही प्रश्न विचारतो, पण वेगळा: "हिच्यामुळे औषध बदलू शकतं का?" हो म्हणाले, की पैसे भरतो.